आयआरएवरचे पिक्चर : खरं कुठलं, आणि बघायला कुठून सुरुवात करायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भरकटलो तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही पाठोपाठ तीन गोष्टी बघितल्यात. 'द विंड दॅट शेक्स द बार्ली' बघून आयआरएवाले (आयरिश रिपब्लिकन आर्मी, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध बंदूक उचललेले आयरिश लोक) आपल्या क्रांतिकारकांसारखेच वाटले. मग टीव्हीवर 'पेट्रियट गेम्स' लागला, त्यात तीच माणसं सरळ व्हिलन. आणि आता 'से नथिंग' ही सीरिज संपवलीत, जिच्यात ज्या मुलीसाठी आपला जीव तुटतो तीच लंडनला बॉम्ब लावायला जाते. तर यातलं खरं कुठलं, पुढे काय बघायचं, आणि त्या सीरिजच्या प्रत्येक एपिसोडच्या शेवटी तीच एक पाटी का येते, असे तुमचे तीन प्रश्न. पाटीचं सगळ्यात शेवटी सांगतो, त्याला थोडी पूर्वतयारी लागते.

माझ्याबद्दल आधी सांगून टाकतो. मी इतिहासवाला नाही. सोळा-सतरा वर्षं सबटायटल्सचं काम करतोय, पोटासाठी कंपन्यांचे ट्रेनिंग व्हिडिओ, सीरिज, जे येईल ते, आणि हौस म्हणून आमच्या पुण्यातल्या छोट्या फिल्म क्लबसाठी मराठी सबटायटल्स. २०१६ मध्ये ब्रिटिशांविरुद्धच्या डब्लिनच्या ईस्टरच्या उठावाला शंभर वर्षं झाली, त्या निमित्ताने आम्ही आठ रविवार फक्त आयर्लंड केलं होतं आणि त्यातल्या पाच पिक्चरची सबटायटल्स माझ्या गळ्यात पडली. सबटायटल करणारा माणूस एक पिक्चर तीस-चाळीस वेळा बघतो, तेही पाच-पाच सेकंदांचे तुकडे पाडून, त्यामुळे गोष्ट कुठे सांधलीये आणि कुठे नुसती चिकटवलीये हे त्याला दिसायला लागतं. एवढाच माझा अधिकार.

तुमची खरी अडचण मला अशी वाटते की तुम्ही 'आयआरए' ही एकच संघटना धरून चाललात. बोर्ड तोच आहे पण दुकानं वेगळी आहेत. 'बार्ली'मधली आयआरए १९१९ ते २१ ची, ब्रिटिश राजवटीशी लढणारी, जी डिसेंबर १९२१ च्या तहावरून फुटली आणि मग १९२२-२३ मध्ये एकमेकांवरच बंदुका रोखून बसली. त्या तहातून दक्षिणेच्या २६ काउंटींना (म्हणजे जिल्ह्यांना) स्वतःचं राज्य मिळालं, उत्तरेच्या सहा काउंटी त्याआधीच वेगळ्या काढलेल्या होत्या आणि त्या ब्रिटनकडेच राहिल्या, तेच उत्तर आयर्लंड. 'से नथिंग'मधली आयआरए ही त्या सहा काउंटींमधली, १९६९ च्या शेवटी झालेल्या दुसऱ्या फुटीतून निघालेली, जिला प्रोव्हिजनल म्हणतात. मागे उरले ते ऑफिशियल. बेलफास्टमध्ये, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, त्या ऑफिशियलवाल्यांना 'स्टिकी' म्हणायचे, कारण ईस्टरला छातीवर लावायचं कागदी लिलीचं फूल ते गोंदाने चिकटवायचे आणि प्रोव्हिजनलवाले टाचणीने टोचायचे. गोंदवाले आणि टाचणीवाले, असं समजा. हा शब्द डायलॉगमध्ये आला की माणूस कुठल्या गटाचा आहे आणि कुणाला शिवी घालतोय ते एका क्षणात कळतं, आणि सबटायटलमध्ये नेमकं तेच हरवतं. 'पेट्रियट गेम्स'मध्ये तर तेही नाही, आयआरएमधून फुटून निघालेलं एक टोळकं दाखवलंय. अमेरिकेत आयरिश वंशाची माणसं कोट्यवधी, तिकीट तेच काढणार, त्यांना दुखवायचं कशाला, म्हणून ही पळवाट काढली असं माझं मत. तो पिक्चर आयर्लंडबद्दल आहे असं धरूच नका, व्हिलनला कुठलातरी पासपोर्ट लागतो म्हणून तो दिलाय.

आता 'खरं कुठलं'. मी प्रत्येक पिक्चरची दोन सालं बघतो, गोष्ट घडते ते आणि पिक्चर बनला ते. बऱ्याचदा दुसरं साल जास्त बोलतं.

'मायकल कॉलिन्स' घ्या, नील जॉर्डनचा, लियाम नीसनवाला. कॉलिन्स म्हणजे त्या जुन्या आयआरएचा एक म्होरक्या. गोष्ट १९१६ ते २२ ची. शूटिंग १९९५ चं, म्हणजे ऑगस्ट १९९४ मध्ये प्रोव्हिजनल आयआरएने युद्धबंदी जाहीर केल्यानंतरचं, जेव्हा सगळ्यांना पहिल्यांदाच वाटत होतं की हे संपेल. मग पिक्चरचा सगळा कल कुठे आहे बघा, बंदूक उचलणारा माणूस बंदूक खाली ठेवायला निघतो आणि त्यातच मारला जातो. (पिक्चर थिएटरला लागेपर्यंत, फेब्रुवारी १९९६ मध्ये, लंडनला बॉम्ब फुटून ती युद्धबंदी मोडली होती, हा भाग वेगळा.) त्यात एक सीन आहे, बेलफास्टहून आलेले पोलीस अधिकारी डब्लिन कॅसलच्या आवारात गाडीत बसतात आणि गाडी उडते. हे १९२० मधलं नाहीच, हे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बेलफास्टमधून उचलून आणलेलं चित्र आहे. क्रोक पार्कच्या मैदानात मॅच चालू असताना चिलखती गाडी आत शिरते आणि मशीनगन फिरते, तेही तसं झालं नव्हतं. २१ नोव्हेंबर १९२० ला तिथे गोळीबार झाला, १४ माणसं गेली, हे खरं, पण गोळ्या झाडल्या त्या मैदानात घुसलेल्या पोलिसांनी. आणि नेड ब्रॉय, तो आतून कॉलिन्सला मदत करणारा पोलीस, जो पिक्चरमध्ये पकडून मारला जातो, तो खऱ्या आयुष्यात मस्त जगला आणि पुढे स्वतंत्र आयर्लंडच्या पोलिसांचा प्रमुख झाला! मग पिक्चर खोटा का? १९२० चा म्हणून बराचसा हो. पण १९९५ मध्ये डब्लिनच्या माणसाला स्वतःच्या इतिहासाकडे कसं बघावंसं वाटत होतं, त्याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही.

'इन द नेम ऑफ द फादर'चंही तेच. १९७४ मध्ये गिल्डफर्डच्या पबमध्ये बॉम्ब फुटले, पाच माणसं गेली, चौघांना पकडून मारहाण करून जबाब घेतले आणि जन्मठेप. १९८९ मध्ये कळलं की पोलिसांनी घोळ केलेले. पिक्चर १९९३ चा, म्हणजे सुटकेला फक्त चार वर्षं, राग अजून गरम. त्यात त्या चौघांतला जेरी कॉनलन आणि त्याचा बाप वर्षानुवर्षं एकाच कोठडीत दाखवलेत. तसं काही नव्हतं, बापाला वेगळ्याच खटल्यात अडकवला होता, आणि एमा थॉम्पसन जी वकीलबाई कोर्टात गर्जताना दाखवलीये ती सॉलिसिटर होती, असं उभं राहून युक्तिवाद करणं तिचं कामच नव्हतं. ब्रिटिश पेपरांनी यावरून तेव्हा पिक्चरला धुतलं. पण बाप शिक्षा भोगत असतानाच मेला हे खरं, आणि पंधरा वर्षं गेली हेही खरं. माझं म्हणणं, कोठडी खोटी आहे आणि खटला खरा आहे, दोन्ही डोक्यात ठेवून बघा. त्यात डॅनियल डे-लुइस आणि पीट पॉस्टलथ्वेट एका खोलीत नसते तर पिक्चरच उभा राहिला नसता.

उलट टोक म्हणजे 'ब्लडी संडे'. ३० जानेवारी १९७२, डेरी शहर, नागरी हक्कांचा मोर्चा, ब्रिटिश लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटने झाडलेल्या गोळ्यांनी त्याच दिवशी १३ माणसं मेली, एक नंतर. पॉल ग्रीनग्रासने हा २००२ मध्ये केला तेव्हा दुसरी चौकशी चालूच होती, तिचा अहवाल यायला २०१० उजाडलं आणि मग ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. म्हणजे हा पिक्चर निकालाच्या आठ वर्षं आधीची साक्ष आहे. कॅमेरा हातात, सीन मध्येच काळा होतो, पुन्हा उघडतो, माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, सबटायटल करताना मी अक्षरशः रडकुंडीला आलो होतो कारण एका वेळी चार लोक ओरडतायत आणि मला दोन ओळींत दोघांचंच बसवता येतं. शेवटी ठरवलं की ज्याचा आवाज पुढे आहे त्याचंच लिहायचं, बाकीचा गोंधळ गोंधळच राहू दे. तो दिवस असाच होता, कुणालाच पूर्ण ऐकू आलं नव्हतं.

त्याच कामात एक चूक केली ती सांगतो. पात्रं काही ठिकाणी 'डेरी' म्हणतात, काही ठिकाणी 'लंडनडेरी', आणि मी प्रेक्षक गोंधळू नये म्हणून सगळीकडे 'डेरी' करून टाकलं. शहाणपणा! पण आयरिश बाजूचा माणूस डेरी म्हणतो आणि ब्रिटनबरोबर राहू इच्छिणारा लंडनडेरी, नुसत्या नावावरून माणसाची बाजू कळते. मी एका फटक्यात सगळ्या पिक्चरला एका बाजूचं करून ठेवलं होतं. स्क्रीनिंगच्या आदल्या रात्री बसून सगळं परत केलं.

सालांनंतर मी बघतो ते घर. म्हणजे पिक्चर कुणाचं घर आतून दाखवतो. रस्त्यावर सगळेच एकमेकांना मारत असतात, त्यावरून काही कळत नाही. पण कॅमेरा कुणाच्या स्वयंपाकघरात शिरतो, कुणाच्या टेबलावरचा नाश्ता दाखवतो, ती बाजू पिक्चरची.

आणि म्हणूनच 'हंगर'ची सुरुवात मला एवढी जबरी वाटते. स्टीव्ह मॅक्वीनचा, २००८ चा, आयआरएचा कैदी बॉबी सँड्स याच्या उपोषणावरचा. तुम्हाला वाटतं आता कैदी दिसेल. दिसतो तो एक तुरुंग अधिकारी, बेसिनच्या पाण्यात हात बुडवून बसलेला, बोटांचे सांधे सोललेले. बायको कपडे काढून ठेवते, तो नाश्ता करतो, ब्रेडचे कण मांडीवरच्या रुमालावर पडतात. मग बाहेर येतो, रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघतो, आणि गुडघ्यावर बसून गाडीच्या खाली वाकून बघतो. बायको पडद्याआडून बघत असते. तो गाडीची किल्ली फिरवतो आणि आपण श्वास रोखून. काही होत नाही. सोललेले सांधे कशाने सोलले ते नंतर कळतं, कैद्यांना मारून. म्हणजे ज्याच्या घरात आपल्याला आधी नेलं, ज्याची आपल्याला आधी काळजी वाटली, तोच मारणारा. पुढे त्याचं काय होतं ते सांगत नाही.

त्याच पिक्चरमधला तो प्रसिद्ध सीन, सँड्स आणि पाद्री टेबलाच्या दोन बाजूंना, कॅमेरा ठेवलाय तो ठेवलाय, सतरा मिनिटं कट नाही. आमच्या धंद्यात नियम असा की सबटायटल शक्यतो कटबरोबर बदलायचं, म्हणजे डोळ्याला झटका बसत नाही. इथे कटच नाही! शेवटी मी त्यांच्या सिगारेटच्या झुरक्यांवर ओळी बदलल्या. गंमत म्हणजे पहिली काही मिनिटं ते उपोषणाबद्दल बोलतच नाहीत, थट्टामस्करी, टोमणे. मराठीत ती थट्टा जमली तरच पुढचं जड बोलणं पेलतं, त्यामुळे त्या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तरी पन्नास टक्केच जमलं.

मागचा संदर्भ थोडक्यात, कारण पिक्चर तो देत नाही. आयआरएच्या कैद्यांना राजकीय कैद्यासारखी जी वेगळी वागणूक होती ती ब्रिटिश सरकारने १ मार्च १९७६ पासून बंद केली. कैद्यांनी तुरुंगाचे कपडे घालायला नकार दिला, ब्लँकेट गुंडाळून राहिले, पुढे भिंतींना विष्ठा फासली, आणि बरोबर पाच वर्षांनी, १ मार्च १९८१ ला, सँड्सने उपोषण सुरू केलं. उपोषण चालू असताना तो पोटनिवडणुकीत खासदार म्हणून निवडून आला. ६६ व्या दिवशी, ५ मे ला गेला. त्याच्यामागे आणखी नऊ जण.

इथे तुमच्या 'आपल्या क्रांतिकारकांसारखं' या मुद्द्याकडे येतो. आमच्याकडे 'हंगर' संपल्यावर एक आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, हा तर जतीन दास. चूक नाहीये. जतीन दास लाहोरच्या तुरुंगात १९२९ मध्ये ६३ दिवसांनी गेले, त्यांच्या नऊ वर्षं आधी कॉर्क शहराचा महापौर टेरेन्स मॅक्स्विनी लंडनच्या तुरुंगात ७४ दिवसांनी गेला होता आणि आपल्याकडच्या लोकांना ते चांगलं माहीत होतं. सँड्स गेला तेव्हा आपल्या राज्यसभेत विरोधी सदस्य त्याच्यासाठी मिनिटभर उभे राहिले. आणि 'होमरूल' हा शब्दच टिळकांनी आणि बेझंटबाईंनी तिकडून आणलेला, टिळकांची लीग एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात निघाली त्याच महिन्यात डब्लिनला उठाव झाला. पण गंमत बघा, उठाव करणारे ते, ज्यांचा होमरूलवरचा विश्वास उडाला होता. आणि १९६९ नंतरच्या बेलफास्टला ही तुलना मला फार पुढे ताणता येत नाही. तिथे परके राज्यकर्ते निघून गेले की प्रश्न सुटला असं नव्हतं, उत्तर आयर्लंडची लोकसंख्या तेव्हा पंधरा लाखांच्या आसपास आणि त्यातले बहुसंख्य प्रोटेस्टंट, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, आणि बहुतेकांना ब्रिटनबरोबरच राहायचं होतं. 'बार्ली' बघून थेट 'से नथिंग'वर उडी मारली की हा मधला भाग गळतो आणि मग तुमच्यासारखं होतं.

आता सबटायटलवाल्याचा लाडका शब्द. बेलफास्टच्या जवळपास प्रत्येक पिक्चरमध्ये 'टाउट' हा शब्द येतो. डिक्शनरी म्हणते खबऱ्या. मी पहिल्यांदा 'खबऱ्या'च लिहिलं. पण आपल्याकडे खबऱ्या म्हणजे क्राइम सीरियलमधला टपरीवरचा माणूस, इन्स्पेक्टर त्याला पन्नासची नोट देतो आणि गोष्ट पुढे जाते. त्यात लाज नाहीये. 'टाउट' हा डाग आहे, बापाला लागला की नातवाला पुसत बसावा लागतो. मग सुचलं, आपल्याकडे आहे की शब्द, फितूर! तीनशे वर्षांचा राग आहे त्यात. 'फितूर' लिहिल्यावर हॉलमधली शांतताच बदलली.

आणि हा शब्द धरून बघितलं तर सगळे पिक्चर एका माळेत येतात. जॉन फोर्डचा 'द इन्फॉर्मर' १९३५ चा, त्यात जिपो नावाचा धटिंगण वीस पौंडांसाठी मित्राला पकडून देतो, कारण दहा पौंडांत अमेरिका अशी जहाजाची जाहिरात त्याने बघितलेली असते, आणि मग रात्रभर ते पैसे दारूत उडवतो. 'शॅडो डान्सर' २०१२ चा, १९९३ चं बेलफास्ट, एका आईला ब्रिटिश गुप्तहेर खातं सांगतं की तुरुंगात जा नाहीतर सख्ख्या भावांवर नजर ठेव. आणि 'से नथिंग'मधली जीन मॅककॉनव्हिल, दहा मुलांची विधवा आई, डिसेंबर १९७२ मध्ये घरातून उचलली, फितूर म्हणून. तिचे अवशेष मिळाले २००३ मध्ये, समुद्रकिनाऱ्यावर. नंतर पोलिसांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी कागद तपासले, ती खबर देत होती याचा पुरावा मिळाला नाही. अशा माणसांना तिकडे 'डिसअपिअर्ड' म्हणतात, त्याचं मराठी लोक 'बेपत्ता' करतात. बेपत्ता माणूस आपण होऊनही होतो. मी 'गायब केलेले' लिहितो, लांब होतं पण कुणीतरी केलं हे त्यात राहतं. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टींचा गाभा सैनिक विरुद्ध क्रांतिकारक हा नाहीच, गल्लीत कोण कुणाशी काय बोललं, आणि कोण गप्प बसलं, हा आहे.

दुसरी बाजू, म्हणजे ब्रिटनशी निष्ठावान प्रोटेस्टंट, ती पडद्यावर फार कमी आणि बहुतेक वेळा दात-ओठ खातच दिसते. बंडखोराची गोष्ट विकली जाते, आहे ते धरून बसलेल्याची नाही, एवढं साधं कारण असावं. 'फाइव्ह मिनिट्स ऑफ हेवन' जरूर बघा. लियाम नीसन तरुणपणी एका कॅथलिक मुलाला मारलेला प्रोटेस्टंट झालाय, जेम्स नेस्बिट त्या मेलेल्याचा भाऊ. खऱ्या आयुष्यात नीसन कॅथलिक घरातला आणि नेस्बिट प्रोटेस्टंट, मुद्दाम उलटं केल्यासारखं. केनेथ ब्रॅनाचा 'बेलफास्ट' गोड आहे, १९६९ चा ऑगस्ट, नऊ वर्षांच्या प्रोटेस्टंट पोराच्या नजरेतून, मला जरा जास्तच गोड वाटला, पण घर मात्र दुसऱ्या बाजूचं दिसतं.

आणि कुठल्याच बाजूचं घर न दाखवणारा एकच, अॅलन क्लार्कचा 'एलिफंट', १९८९, बीबीसीच्या बेलफास्ट केंद्राचा. ३९ मिनिटं. एक माणूस चालत येतो, दुसऱ्याला गोळी घालतो, चालत जातो, कॅमेरा मेलेल्यावर थांबतो. असं अठरा वेळा. नावं नाहीत, बाजू नाही, कारण नाही, डायलॉग जवळपास नाहीत. माझं सबटायटलचं काम चहा गार व्हायच्या आत संपलं आणि मी तसाच बसून राहिलो. सहाव्या-सातव्या खुनानंतर लक्षात येतं की आपण मोजायला लागलोय, बाराव्यानंतर मोजणं सोडून खोलीतल्या टाइल्स, खिडक्या बघायला लागतो. ही सवय कशी लागते ते बेलफास्टमधल्या माणसाला सांगावं लागत नाही, आपल्याला हा पिक्चर ३९ मिनिटांत दाखवतो. आमच्याकडे अर्धे लोक उठून गेले, चूक माझी, मी तो पहिल्याच रविवारी लावला होता.

तर क्रम. हे तुमच्यावर अवलंबून आहे, रक्त कितपत सोसतं, एकटे बघणार की घरच्यांबरोबर. मी आता कुणालाही 'डेरी गर्ल्स'ने सुरुवात करायला सांगतो, लोक हसतात पण ऐका. नव्वदच्या दशकातल्या कॅथलिक शाळकरी पोरी, शिव्या भरपूर (आईबाबांबरोबर बघू नका), पुलावर बॉम्ब आहे म्हणून आईला वैताग कशाचा तर पोरं आता शाळेत कशी जाणार याचा. पहिल्या सीझनच्या शेवटी मुली स्टेजवर येड्यासारख्या नाचतायत आणि घरी मोठी माणसं टीव्हीवर बॉम्बस्फोटाची बातमी बघतायत, एक शब्द नाही, आणि तो सासरा, जो अख्खा सीझन जावयाचा पाणउतारा करत असतो, तो गुपचूप त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. तेवढ्यात तिथल्या हिंसाचाराची तीस वर्षं कळतात. मग 'बार्ली' परत बघा, यादवीच्या भागाकडे लक्ष देऊन. मग 'ब्लडी संडे', मग ''७१', ज्यात एक ब्रिटिश पोरगा सैनिक बेलफास्टच्या गल्लीत मागे राहून जातो. त्यात बायका रस्त्यावर बसून कचऱ्याच्या डब्यांची झाकणं फरशीवर आपटताना दिसतील, ती लष्कर आल्याची वर्दी. आमच्या हॉलमध्ये एकाने विचारलं होतं, वरात आहे का, तेव्हापासून मी तिथे कंसात ओळ टाकतो. त्यानंतर 'हंगर', 'एलिफंट', आणि 'से नथिंग' पुन्हा एकदा. सगळ्यात शेवटी 'ओमा', १९९८ च्या शांतता करारानंतर चार महिन्यांनी रिअल आयआरए या फुटीर गटाने फोडलेल्या बॉम्बवरचा, २९ माणसं गेली, आणि पिक्चर फक्त मुलगा गमावलेल्या एका बापाच्या मागे मागे ऑफिसांमधून फिरतो. इंग्रजी कॅप्शन चालू ठेवा, लाजू नका, इंग्लंडमधली माणसंही त्या बोलीला कान टवकारतात.

आता पाटी. जेरी अॅडम्स, जे सीरिजमध्ये आयआरएच्या म्होरक्यांपैकी दाखवलेत, त्यांनी आपण कधी आयआरएमध्ये होतो किंवा त्यांच्या हिंसाचारात भाग घेतला हे कायम नाकारलंय, आणि पाटी तेवढंच सांगते. नऊ एपिसोड, नऊ वेळा. कायदेशीर गरज आहेच, पण नवव्यांदा वाचताना ती सीरिजचाच एक डायलॉग होऊन बसते, नावच 'काही बोलू नका' आहे ना.

याला जुना एक पदर आहे. ऑक्टोबर १९८८ पासून सप्टेंबर १९९४ पर्यंत ब्रिटिश सरकारने अॅडम्स यांचा पक्ष शिन फेन आणि इतर काही संघटना यांच्या लोकांचा आवाज टीव्ही-रेडिओवर ऐकवायलाच बंदी घातली होती. चेहरा चालेल, शब्दही चालतील, आवाज नाही! (तेव्हा धास्ती अशी की 'स्टार ट्रेक'च्या १९९० च्या एका एपिसोडमध्ये २०२४ साली आयर्लंड एक झालं असं नुसतं एक वाक्य होतं, तर तो एपिसोड बीबीसीने कित्येक वर्षं लावलाच नाही.) मग चॅनेलवाल्यांनी शक्कल काढली, अॅडम्स बोलतायत, ओठ हलतायत, आणि वरून एखादा नट तेच शब्द वाचतोय. म्हणजे आमचाच धंदा, फक्त तोंडी. तो आवाज देणाऱ्या नटांत एक होता स्टीव्हन रे, 'मायकल कॉलिन्स'मधला तो नेड ब्रॉय. आणि 'से नथिंग'मधली तुमची ती मुलगी, डोलर्स प्राइस, जिने पुढे उघडपणे सांगितलं की अॅडम्स माझे वरिष्ठ होते, ती त्या बंदीच्या काळात या स्टीव्हन रेची बायको होती.